शीळ घालत आलेलं विमान

ब्रिटनच्या आभाळातल्या त्या लढाईचा विषय निघाला की सगळे स्पिटफायर विमानाबद्दल बोलतात. बोलोत बापडे. दिसायला ते देखणं होतं, आणि देखण्यांचं कौतुक जगात कुठेही आधी होतं. पण १९४०च्या उन्हाळ्यात आमच्या डोक्यावरून जर्मन विमानांना भिडायला जी विमानं गेली, त्यांत हरिकेनच जास्त होती, आणि हरिकेनचं मागचं अर्धं अंग कापडाचं होतं. हे सांगितलं की ऐकणारा हसतो. त्याला वाटतं, आपली थट्टा चालली आहे. आत पोलादी नळ्या, त्यांवर हलक्या लाकडी पट्ट्या आणि त्यांवर ताणून शिवलेलं लिननचं कापड, असं ते विमान होतं. आता कापड म्हटलं की ते कुणीतरी शिवलेलं असणार. आमच्या थॉर्नक्रीक गावात ते हेप्सी मसेटने शिवलं.

हेप्सी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. इंग्लंडच्या पूर्वेला, एसेक्सच्या खाडीकाठी, धक्क्याला लागून, मसेटांचा शिडं शिवायचा माळा होता. मालाच्या गलबतांची तांबडी शिडं तीन पिढ्या तिथे शिवली गेली. बापाला मुलगा एकच, आणि तो दर्यावर पळालेला, त्यामुळे दाभण आलं मुलीच्या हातात. तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलं नाही असं गावातल्या बायका म्हणायच्या. दोघांनी विचारलं होतं आणि दोघांनाही तिने टाके वाकडे घालतात म्हणून नाकारलं, असं ती स्वतः म्हणायची. बाई हाडाने रुंद, बोलायला कमी, रविवारी चॅपलात पहिल्या बाकावर. तिचं काम आजवर कुणी परत पाठवलं नव्हतं आणि ही गोष्ट ती स्वतः कधी बोलत नसली तरी सगळ्या खाडीला ठाऊक असावी अशी तिची अपेक्षा असे.

ऑगस्टमध्ये धक्क्यामागच्या बसगाड्यांच्या शेडमध्ये विमानं दुरुस्त करायचं काम सुरू झालं. दलदलीपलीकडच्या धावपट्टीवरची हरिकेनं मार खाऊन यायची. फिटर लोक इंजिनं आणि नळ्या दोन दिवसांत ठीकठाक करायचे, पण कापड चढवायला हात नव्हते, म्हणून विमानं उघड्या बरगड्यांनी उभी राहायची. मग शेडचा फोरमन टोपी हातात घेऊन मसेटांच्या माळ्यावर आला. हेप्सीने त्याचं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. जिन्यावरून खाली हाक मारली आणि संध्याकाळपर्यंत सहा बायका जमवल्या. सगळ्या शिडं शिवणाऱ्या, कुणाचा नवरा आरमारात तर कुणाचा मुलगा. सातवी तिची भाची फीबी, त्याच दर्यावर पळालेल्या भावाची मुलगी, जिभेला कुलूप नसलेली.

पहिलं विमान आलं त्याच्या अंगावर ‘के’ अक्षर होतं. सोबत सरकारी कागद होता, बारीक अक्षरांत तीन पानं. हेप्सीने तो चष्मा लावून वाचला. कापड फक्त हाताने सारखं करावं, ओढू नये, असं दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं. ते तिने वाचलं, आणि कुठल्यातरी कारकुनाने टेबलाशी बसून लिहिलं असणार म्हणून सोडून दिलं. कापड सैल पडतं हे तिला बापाने सात वर्षांची असताना शिकवलं होतं. नवं शीड वाऱ्यात दोन महिने राहिलं की पसरतं, म्हणून शिवतानाच जीव खाऊन ओढायचं, म्हणजे पुढे बरोबर बसतं. तळहाताला बापाचा चामड्याचा पट्टा बांधून, त्यातल्या लोखंडी चकतीने दाभण ढकलत तिने आणि बायकांनी ‘के’चं कापड असं ओढून शिवलं की त्यावर अंडं आपटलं असतं तर उडून परत आलं असतं. शनिवारी त्यावर डोप चढवलं. डोप म्हणजे झोंबऱ्या वासाचं तांबडं रोगण, नासपतीच्या गोळ्यांसारखा वास मारणारं. त्या वासाने डोकं धरतं म्हणून बायकांना रोज अर्धा पाइंट दूध फुकट मिळायचं, आणि फीबी म्हणायची, एवढ्याचसाठी मी लढाई लांबावी अशी प्रार्थना करते.

डोपचं काम काय, तर कापड आवळणं. शीड पसरतं आणि हे कापड आक्रसतं. सगळा फरक तेवढ्यातच होता आणि तोच नेमका दुसऱ्या पानावर लिहिला होता.

सोमवारी सकाळी तपासनीस आला. ऑर्मेरॉड त्याचं नाव, उत्तरेकडचा, उंच, ओठ मिटलेला. त्याच्या खिशात पितळेचा शिक्का असायचा आणि तो कागदावर उठल्याशिवाय एकही विमान शेडबाहेर जात नसे. तो ‘के’भोवती एकदा फिरला आणि थांबला. लाकडी पट्ट्या आत वाकल्या होत्या. कापड त्यांच्यामध्ये खोल गेलं होतं, उपाशी घोड्याच्या बरगड्या दिसाव्यात तसं. डाव्या बाजूची एक पट्टी तर मोडलीच होती. ऑर्मेरॉडने खिशातून चाकू काढला आणि मसेटांचं काम मानेपासून शेपटीपर्यंत चरचर फाडत नेलं. सात बायका बघत उभ्या होत्या.

“मिस मसेट,” तो म्हणाला, “हे वाऱ्यावर सोडायचं शीड नाही. यात माणूस बसतो.”

मग त्याने पुढचं सांगितलं, तेही तितक्याच सरळ आवाजात. तो शुक्रवारी परत येणार होता. तोवर हेच विमान पुन्हा नीट शिवून झालं तर ठीक, नाहीतर कापडाचं काम थॉर्नक्रीकहून काढून दूरच्या कारखान्यात द्यायचं. म्हणजे विमानं ट्रकवर चढवून तिकडे जाणार आणि तीन आठवड्यांनी परत येणार. पलीकडच्या तुकडीकडे तेव्हा बारापैकी आठ विमानं उरली होती. तीन आठवडे त्या तुकडीला कुणी देणार नव्हतं, हे ऑर्मेरॉडने बोलून दाखवलं नाही. त्याची गरज नव्हती. दिवसातून तीनदा आमच्या खिडक्या हादरत होत्या.

हेप्सी माळ्यावर गेली आणि कापडाच्या गुंडाळ्यांमध्ये बसली. तिला भयंकर शरम वाटत होती. एक्कावन्न वर्षांत असा पाणउतारा कुणी केला नव्हता आणि त्यात वाईट हे, की तो माणूस खरं बोलत होता. म्हातारा जोएल हाउ तिथे खिडकीत बसलेला होता. त्याचं गलबत जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर, डंकर्कच्या वाळूत अडकलेले सैनिक आणायला गेलं आणि तिथेच राहिलं. तेव्हापासून तो दिवसभर तिच्या माळ्यावर पाइप ओढत बसायचा, कारण धक्क्यावर बसलं की रिकामी जागा दिसायची.

“पोरी,” तो म्हणाला, “तू शिवलेलं माझं शीड बावीस वर्षं टिकलं. पण पहिली दोन वर्षं मी तुझ्या नावाने बोटं मोडत होतो, ठाऊक आहे? इतकं आवळलेलं असायचं की उलगडताना नखं निघायची.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“तुला? कुणाची हिंमत होती?”

 हेप्सी उठली, खाली जाऊन हेरिंग मासळीची चार रिकामी खोकी घेऊन आली आणि त्यांच्या पट्ट्या काढून चौकटी ठोकायला लागली. फीबीला वाटलं आत्याचं डोकं फिरलं. पण हेप्सीने चारही चौकटींवर लिनन शिवलं, एकीवर घट्ट, दुसरीवर जरा कमी, तिसरीवर त्याहून कमी, चौथीवर जवळजवळ झोळच. प्रत्येक ठिकाणी कापड अंगठ्याने दाबून पाहिलं आणि किती खाली जातं ते चौकटीवर खडूच्या खुणेने नोंदलं. मग चारही चौकटींना डोप लावलं आणि खिडकीशी वाळत ठेवलं. मंगळवारी सकाळी पहिली चौकट कडांनी आत दुमडलेली होती. दुसरी वाकडी होती. चौथीवर सुरकुत्या. तिसरी सरळ आणि तिच्यावर नख मारलं की ठण्ण आवाज. तिसरीवर खडूची खूण होती, अंगठ्याचं नख बुडेल इतकी.

एवढं कळलं, तरी हात ऐकेनात. सुताराने वाकलेल्या पट्ट्या बदलून दिल्या, बायका ‘के’भोवती बसल्या, आणि दहा टाक्यांत हेप्सीच्या लक्षात आलं की आपण पुन्हा ओढतोय. तळहाताला चामडं बांधलं की दाभणामागे मनगट जात नाही, अख्खा खांदा जातो. त्याला खेचायचंच ठाऊक असतं. तिने बराच वेळ त्या काळ्या पडलेल्या पट्ट्याकडे बघितलं. तिचा बाप तो बांधून मेला होता, म्हणजे शेवटच्या दुखण्यातही त्याने तो हातातून काढू दिला नव्हता. तिने तो सोडला आणि खिळ्याला टांगला.

“चामडी काढा सगळ्यांनी,” ती म्हणाली. “नुसत्या बोटांनी शिवायचं.”

फीबी म्हणाली, “आत्या, रक्त निघेल.”

“निघू दे. कापड तसंही तांबडंच होणार आहे.”

असे तीन दिवस गेले. बोटांना चिंध्या गुंडाळून, चरबी लावलेला पाव उभ्यानेच खात त्यांनी काम केलं. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की नियमाप्रमाणे खंदकात जायचं होतं. पहिल्या दिवशी गेल्या, दुसऱ्या दिवशी फक्त फोरमन गेला. प्रत्येक टाक्यानंतर हेप्सी अंगठा दाबायची आणि कुणाचं कापड नखाएवढं खाली गेलं नाही की तिचा दोरा कापून हातात द्यायची. स्वतःचाही तिने अकरा वेळा कापला. गुरुवारी डोपचे थर चढले. त्या रात्री ती झोपली नसावी, कारण शुक्रवारी पहाटे सगळ्यांच्या आधी शेडच्या दाराशी तीच उभी होती.

पट्ट्या सरळ होत्या. सगळं अंग गुळगुळीत, एकसारखं, गर्भार घोडीच्या पोटासारखं भरलेलं.

ऑर्मेरॉड आला तो सरळपट्टी घेऊनच. त्याने एकेका पट्टीवर ती धरून पाहिली, वाकून, गुडघ्यावर बसून, शेवटी पाठीवर झोपून. जागोजाग नख मारून आवाज ऐकला. पाऊण तास लागला आणि तेवढ्यात एकही बाई दुधाला हात लावायला गेली नाही. शेपटीजवळच्या छोट्या झडपेतून त्याने दिवा आत घातला आणि तिथेच थांबला.

“मिस मसेट, आत कोपऱ्यात हे तीन टाके कसले आहेत? कावळ्याच्या पायासारखे.”

“मसेटांची खूण आहे ती. आमच्या माळ्यावरून जाणाऱ्या प्रत्येक शिडावर असते.”

“नियमात नाही.”

“मग उसवा,” हेप्सी म्हणाली. “पण आधी हे सांगा, बाकीचं बरोबर आहे का?”

ऑर्मेरॉड उठला, गुडघे झटकले आणि कागदावर काहीतरी लिहायला लागला. फीबीने मान लांब करून वाचलं आणि पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगितलं. त्याने लिहिलं होतं: तीन टाके जास्त, अपाय नाही. त्याखाली शिक्का उठला.

शेवटचं काम उरलं होतं. हरिकेनच्या पंखांत आठ बंदुका असतात. त्यांच्या तोंडांत धूळ आणि ओल जाऊ नये म्हणून पंखाच्या पुढच्या कडेला कापडाचे छोटे तांबडे तुकडे डोपने चिकटवतात. वैमानिकाने गोळ्या झाडल्या की ते फाटतात. मग परत येताना उघड्या तोंडांतून वारा घुसतो आणि विमान शीळ घालतं. हे फिटरने सांगितलं तेव्हा हेप्सीने ते आठही तुकडे स्वतः कापले आणि स्वतः चिकटवले.

शनिवारी विमान न्यायला सार्जंट केम्बल आला. विशीतला, डोळ्यांखाली काळं, मानेवर फोड. फीबीने दिलेला पाव त्याने तीन घासांत संपवला आणि आणखी मागितला. मग ‘के’च्या पाठीवर थाप मारली.

“काकू, कापडच ना हे शेवटी?”

“ही अख्खी खाडी कापडावर जगली, बाळा,” हेप्सी म्हणाली. “तू तुझ्या बंदुका सांभाळ.”

रविवारी चॅपलात दुसरं स्तोत्र चालू असताना भोंगा झाला. पाद्रीबाबांनी सगळ्यांना तळघरात जायला सांगितलं. हेप्सी उठली, आणि पहिल्या बाकावरून मागच्या दारापर्यंत सगळ्यांच्या देखत चालत जाऊन धक्क्यावर उभी राहिली. जोएल तिथे आधीच होता. दलदलीवरून नऊ हरिकेनं वर चढली, नऊ, कारण आठात आता ‘के’ची भर पडली होती. मग खाडीच्या मुखावर, खूप उंच, पांढऱ्या रेघांचा गुंता होत गेला. आवाज इकडे पोचायला वेळ लागत होता. एक काळा धूर समुद्रात उतरला, आणि तो कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता.

अर्ध्या तासाने विमानं परतायला लागली, एकेकटी, दोन-दोन. जोएल बोटांवर मोजत होता. आठ आली. त्यांत ‘के’ नव्हतं.  हेप्सीच्या डोक्यात एकच विचार होता, की कुठला टाका. कुठे आपला अंगठा चुकला. ती मनात शेपटीपासून मानेपर्यंत एकेक टाका पुन्हा घालत होती.

“आवाज आला का तुला?” जोएलने विचारलं.

आधी तिला वाटलं पाणपक्षी असतील. मग ती शीळ वाढत गेली, बेसूर, लांबलचक, आणि दलदलीवरून इतकं खाली एक हरिकेन आलं की धक्क्यावरचे दोर हलले. अंगावर ‘के’ होतं. अक्षराच्या मागे, दोन्ही बाजूंनी आरपार, चहाच्या बशीएवढं भोक होतं आणि त्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. कापडाची एक पट्टी फडफडत होती, पण बाकीचं अंग जागच्या जागी. ते त्यांच्या डोक्यावरून शीळ घालत गेलं आणि धावपट्टीवर उतरलं.

हेप्सी मसेट, जिला हसताना कुणी फारसं पाहिलं नव्हतं, तिने रविवारच्या टोपीसकट म्हाताऱ्या जोएलला मिठी मारली. तळघरातून बाहेर आलेल्या अख्ख्या चॅपलाने ते पाहिलं.

दुपारी केम्बल ‘के’ला ट्रकमागे बांधून शेडला घेऊन आला. शत्रूची दोन विमानं त्याने पाडली होती, आणि ती हातवारे करून सगळ्यांना पुन्हा पुन्हा पाडून दाखवली. एका शत्रूविमानाच्या तोफेचा गोळा त्याच्या मागे शिरला, पण कापडात त्याला अडायला कठीण काही सापडलं नाही, म्हणून न फुटताच दुसऱ्या बाजूने निघून गेला. फाट पुढे धावली होती ती पुढच्या शिवणीपर्यंत. तिथे थांबली होती. हेप्सीने ती जागा बोटाने चाचपली.

“केव्हा मिळेल, काकू?” केम्बलने विचारलं. “धातूचं असतं तर महिनाभर गेला असता, फिटर म्हणतो.”

“चहा पी,” हेप्सी म्हणाली. “तोवर होईल.”

चहाला जरा जास्त वेळ लागला, साडेतीन तास. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘के’ पुन्हा आभाळात होतं, तांबडी ठिगळं लावून, कारण वरचा रंग द्यायला वेळ नव्हता.

त्याच सोमवारी ऑर्मेरॉड आला. काम थॉर्नक्रीकलाच राहणार होतं, शिवाय आणखी सहा विमानं ट्रकवरून इकडेच येत होती. त्याने नवा सरकारी कागद हेप्सीच्या हातात दिला. दुसऱ्या पानावर, कापड ओढू नये या वाक्यापुढे, हेप्सीच्या तिसऱ्या चौकटीवरची खूण बघून त्याने एक ओळ वाढवली होती: अंगठ्याचं नख बुडेल इतपत. तो कागद देशभरच्या शेडमध्ये जाणार होता. हेप्सीने या वेळी तिन्ही पानं नीट वाचली.

युद्ध संपेपर्यंत मसेटांच्या माळ्याने दोनशे अकरा विमानांना कापड चढवलं, आणि प्रत्येकाच्या शेपटीत कावळ्याचा पाय होता. केम्बल वाचला. दर नाताळला तो शंख-शिंपल्यांची चित्रं असलेलं पत्र पाठवायचा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

शेचाळीस साली जोएलला जुनं एक गलबत मिळालं आणि हेप्सीने सहा वर्षांनी पहिलं शीड शिवलं. खिळ्यावरचं चामडं उतरवलं, पुसलं, हाताला बांधलं. शीड डोलकाठीवर चढलं तेव्हा सगळा धक्का बघायला जमला होता. वारा भरला, आणि शीड मधोमध असं लोंबलं की पोरंसुद्धा हसायला लागली.

जोएलने पाइप तोंडातून काढला. “पोरी, हे शीड आहे की पलंगपोस?”

हेप्सीने कापडावर अंगठा दाबून पाहिला. बरोबर नखाएवढा आत गेला. ती इतकी हसली की तिला धक्क्यावरच खाली बसावं लागलं. आयुष्यात दुसऱ्यांदा तिचं काम परत आलं होतं. तिने ते खांद्यावर टाकलं आणि उसवायला घेऊन गेली.